बिघडलं तर दार कुणाचं वाजवायचं? फ्रीबीएसडी: घरी साडेपाच वर्षं, उद्यमनगरात तीन

"मशीन कंचं घेतलंस ते ऱ्हाऊ दे. बिघडलं तर दार कुणाचं वाजवायचं, तेवढं सांग."

आमच्या आण्णांनी, म्हणजे सासऱ्यांनी, मला हे जानेवारी २०२३ मध्ये विचारलं. आमच्या पॅटर्न शॉपमधल्या सगळ्या ड्रॉइंगांसाठी फ्रीबीएसडी ह्या फुकट मिळणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालणारा सर्व्हर बसवते, असं मी म्हणाले त्या दिवशी. आण्णांनी चाळीस वर्षं कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात पॅटर्न, म्हणजे ओतकामाचे नमुने, बनवले. लेथ घ्यायची तर आधी तिचा फिटर कुठं राहतो ते विचारायचं आणि मग भावाचं बोलायचं, ही त्यांची रीत. मी सांगितलं, "आण्णा, ह्याला कंपनीच नाही." ते गप्प बसले, पण होकाराची मान काही हलली नाही. पुढच्या दीड वर्षात त्या प्रश्नाचं वजन मला कळलं. म्हणून इथं फ्रीबीएसडीबद्दल लिहितेच आहे, आणि तिच्यासाठी पैसे मोजून घेतलेल्या सेवेबद्दलही तितकंच लिहिते आहे.

आधी माझा निकाल. घरासाठी पाचपैकी साडेचार. धंद्यासाठी, तुम्ही एकटे असाल तर तीन. जाणता माणूस करार करून सोबत घेतला असेल तर पूर्ण पाच.

मी बी.कॉम. कॉम्प्युटरचं रीतसर शिक्षण नाही. शॉपमध्ये हिशेब आणि ड्रॉइंग मी बघते. ह्या वाटेला मी लागले ती २०१९ च्या पुरामुळं. आमचं घर शाहूपुरीत. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. हे आकडे कोल्हापुरात लहान पोरंही सांगतील. त्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. आम्ही माणसं, गॅसची टाकी, धान्य, कागदपत्रं वर नेली. खालच्या कपाटाच्या खालच्या खणात दोन हार्ड डिस्क होत्या, त्या राहिल्या. त्यात सासूबाईंच्या जात्यावरच्या ओव्या होत्या. २०१४ मध्ये फोनवर एकेक करून ४१ रेकॉर्ड केल्या होत्या. सासूबाई २०१७ मध्ये गेल्या. पूर ओसरल्यावर नातेवाइकांच्या फोनांमधून ११ ओव्या परत मिळाल्या. बाकीच्या ३० गेल्या.

दोन डिस्क होत्या, पण दोन्ही एकाच खणात. ही चूक माझी होती, आणि ती पुन्हा होऊ द्यायची नाही एवढं मनाशी घट्ट होतं.

लॉकडाउनमध्ये वेळ मिळाला. जून २०२० मध्ये राजारामपुरीतून एक जुना ऑफिसचा टॉवर आणला, चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह, १६ जीबी रॅम. त्यात ४ टीबीच्या दोन नव्या डिस्क घातल्या. ऑपरेटिंग सिस्टिम कुठली घालायची ह्यावर महिनाभर वाचत होते. फ्रीबीएसडीवर येऊन थांबले ते झेडएफएस ह्या फाइल सिस्टिममुळं. फ्रीबीएसडीत झेडएफएस २००८ मध्ये, सातव्या आवृत्तीपासून आहे, आणि इन्स्टॉल करतानाच ती मूळ पर्याय म्हणून समोर येते. वेगळं काही जोडावं लागत नाही. "मिरर", म्हणजे दोन्ही डिस्कवर तीच ती प्रत, हा पर्याय निवडला, दोन डिस्कवर खूण केली, अर्ध्या तासात मशीन उभं राहिलं.

थोडं फ्रीबीएसडीच्या घराण्याबद्दल, कारण दाराचा प्रश्न तिथूनच येतो. बर्कली विद्यापीठातल्या युनिक्समधून ही निघाली. फ्रीबीएसडी प्रकल्प १९९३ पासून चालू आहे. लायसन्स इतकं मोकळं की कुणीही घ्यावं, बदलावं, आपल्या मालात घालून विकावं. सोनीच्या प्लेस्टेशन ४ ची सिस्टिम हिच्यावरून बनली. नेटफ्लिक्सचे सिनेमे ज्या सर्व्हरांवरून आपल्यापर्यंत येतात ते हिच्यावर चालतात. म्हणजे माल कच्चा नाही. पण रेड हॅट किंवा उबुंटूवाली कॅनॉनिकल जशी स्वतःच्या लिनक्ससाठी स्वतःच सपोर्ट विकते, तसं दुकान इथं नाही. २००० साली स्थापन झालेलं फ्रीबीएसडी फाउंडेशन ही अमेरिकेतली ना-नफा संस्था. ती देणग्या घेते, विकासकामाला पैसे पुरवते, पण तुमचं मशीन अडलं तर फोन उचलायला तिथं कुणी बसलेलं नाही. सपोर्ट द्यायचा तो स्वतंत्र सल्लागारांनी आणि छोट्या कंपन्यांनी.

घरी मला त्याची गरज पडली नाही. हँडबुक नावाचं मोठं पुस्तक प्रकल्पानं फुकट दिलेलं आहे, आणि ते खरोखर वाचून काम करता येईल असं लिहिलेलं आहे. इंग्रजीत आहे, एवढी एक पायरी. मी डिक्शनरी घेऊन बसले नाही, पण काही पानं तीन-तीनदा वाचली. घरच्या मशीनमध्ये दोन जेल केले. जेल म्हणजे एकाच मशीनच्या पोटात भिंत घालून केलेली वेगळी खोली. एका खोलीत घोळ झाला तर दुसरीला धक्का लागत नाही. एकीत सांबा, म्हणजे घरातले सगळे कॉम्प्युटर ज्यातून फायली उघडतात ते. दुसरीत नेक्स्टक्लाउड, त्यात सगळ्यांच्या फोनमधले फोटो रात्री आपोआप येऊन पडतात. मशीन ३८ वॅट खातं, प्लगला मीटर लावून मोजलंय. महिन्याला २७ युनिटच्या आसपास.

आता झेडएफएसची जी गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते ती सांगते, कारण दुकानदार डिस्क विकताना हे सांगत नाही. डिस्क मरते तेव्हा निदान कळतं तरी. पण डिस्क किंवा तिची केबल कधीकधी न सांगता चुकीचं वाचून देते. फोटो उघडतो, खालचा अर्धा भाग करडा. झेडएफएस प्रत्येक तुकड्याबरोबर त्याचा चेकसम, म्हणजे त्या तुकड्यावरून काढलेला ताळ्याचा आकडा, लिहून ठेवते आणि वाचताना ताडून बघते. जुळला नाही तर दुसऱ्या डिस्कवरचा बरोबर तुकडा आपल्याला देते आणि बिघडलेला दुरुस्त करून टाकते. सगळी डिस्क अशी वाचून तपासायची त्याला स्क्रब म्हणतात. मी महिन्याच्या पहिल्या सोमवारी करते.

मार्च २०२१ च्या स्क्रबनंतर डिस्कची स्थिती दाखवणारी "झेडपूल स्टेटस" ही आज्ञा लिहिली, तर दोन डिस्कच्या ओळी आल्या. प्रत्येकीपुढं तीन आकडे असतात: रीड, राइट, चेकसम. वरच्या डिस्कपुढं शून्य, शून्य, शून्य. खालच्या डिस्कपुढं शून्य, शून्य, १४. डिस्क बसवतानाच मी त्यांना "वर" आणि "खाली" अशी लेबलं दिली होती, सिस्टिममध्येही आणि डिस्कवर चिकटपट्टी लावूनही, त्यामुळं कुठली ते शोधावं लागलं नाही. मशीन बंद केलं, बाजूचं झाकण काढलं, टॉर्च धरला. खालच्या डिस्कची केबल झाकणाला टेकून वाकली होती आणि तिची खटकी पूर्ण बसलेली नव्हती. बोटानं हलवली तर हलत होती. १२० रुपयांची नवी, आडव्या तोंडाची केबल आणली, आकडे पुसले, पुन्हा स्क्रब लावला. पाच तासांनी तिन्ही शून्य. तीच डिस्क आजही चालते आहे, आणि तो आकडा पुन्हा हलला नाही. साधी एक्स्टर्नल डिस्क असती तर त्या १४ जागी काय होतं ते मला पुढं कधीतरी, फोटो उघडल्यावर, कळलं असतं.

जुलै २०२१ मध्ये पुन्हा पाणी आलं. ह्या वेळी मशीन माडीवर होतं, आणि दुसरी प्रत उजळाईवाडीत धाकट्या दिराच्या घरी, माळावर. झेडएफएसमध्ये "सेंड" म्हणून सोय आहे. कालच्या स्नॅपशॉटनंतर (स्नॅपशॉट म्हणजे त्या क्षणी फायली जशा होत्या तशी जपलेली नोंद) जेवढं बदललं तेवढंच पलीकडं जातं. साध्या घरगुती फायबर लाइनवर रात्री दहा-पंधरा मिनिटांत काम उरकतं. पाणी जिन्याच्या तिसऱ्या पायरीला लागलं तेव्हा मी शेवटचा सेंड करून मशीन बंद केलं आणि प्लग काढला. ११ ओव्या दोन्हीकडं होत्या. त्या रात्री मला झोप लागली.

हिची कमतरताही सांगते. लॅपटॉपवर फ्रीबीएसडी घालायला मी कुणाला सांगणार नाही. वायफायचं अजून जमलेलं नाही असं माझं स्पष्ट मत. माझ्या लॅपटॉपवर कार्ड ओळखलं, पण वेग इतका कमी की मी दोन दिवसांत नाद सोडला. टॅली नाही, कॅड नाही, अंगठ्याच्या हजेरीचं मशीन नाही. ही सर्व्हरची सिस्टिम आहे. कोपऱ्यात बसून राखण करणारी, तिथं तिला तोड नाही.

शॉपमध्ये नेल्यावर पहिल्याच वर्षी तिनं पैसे वसूल करून दिले. पॅटर्नचं काम ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ओतलेलं लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून पॅटर्न कास्टिंगपेक्षा थोडा मोठा करतात. बिडाच्या लोखंडाला साधारण १ टक्का श्रिंकेज धरतो. एका पंप बॉडीचं मॉडेल आमच्या पोरानं १ टक्का मोठं केलं आणि चुकून मूळ फाइलवरच सेव्ह केलं. दुपारी दुसऱ्या पोरानं तीच फाइल मूळ समजून उघडली आणि पुन्हा १ टक्का वाढवला. ३०० मिलिमीटरचं माप ३०६.०३ झालं. नशिबानं मशीनवर ब्लॉक चढायच्या आधी मापात खटकलं. सर्व्हर दर पंधरा मिनिटांनी स्नॅपशॉट घेतो, आणि सांबामधून ते विंडोजवर फाइलच्या मागच्या आवृत्त्या म्हणून दिसतात. पोरानं फाइलवर राइट क्लिक केलं, सकाळी ११:१५ ची आवृत्ती निवडली, मूळ माप परत. मला उठावंही लागलं नाही. त्या वर्षी खंडेनवमीला लेथ, मिलिंग, बँडसॉबरोबर त्या काळ्या डब्यालाही आण्णांनी स्वतः हळदकुंकू लावलं.

तरी त्यांचा प्रश्न उभाच होता. म्हणून मी मोठ्या शहरातल्या एका फर्मशी वर्षाचा करार केला. वर्षाला ६०,००० रुपये. करारात लिहिलं होतं, सर्व ओपन सोर्स ऑपरेटिंग सिस्टिम. विक्रीवाल्यानं फोनवर "फ्रीबीएसडी? हो, करतो की मॅडम" म्हणून सांगितलं. मी दुसरा प्रश्न विचारला नाही.

मे २०२४. शॉपचा सर्व्हर मी तेराव्या आवृत्तीवरून चौदाव्या आवृत्तीवर नेला होता. ते काम बिनबोभाट झालं. त्यानंतर स्टेटस बघितलं की एक सूचना यायची: पूलमध्ये (दोन्ही डिस्क मिळून झेडएफएसनं केलेला साठा) काही नव्या सोयी चालू नाहीत, चालू करायच्या तर झेडपूल अपग्रेड करा. मला ती सूचना बिघाडासारखी वाटली आणि मी ती आज्ञा देऊन टाकली. सगळं व्यवस्थित चालू राहिलं. दोन आठवड्यांनी वळीव आला, गारा पडल्या, वीज गेली ती चार तास. यूपीएस संपला. वीज आल्यावर सर्व्हर उठेना. स्क्रीनवर लोडरच्या दोन ओळी आणि पुढं काही नाही.

फर्मला फोन लावला. पन्नास मिनिटांनी इंजिनिअर लाइनवर आला आणि त्यानं मला पहिली आज्ञा टाइप करायला सांगितली ती डेबियन-उबुंटूची, म्हणजे लिनक्सची. मी म्हटलं, अहो, ही फ्रीबीएसडी आहे, आणि ती अजून चालूच झालेली नाही. थोड्या वेळानं म्हणाला, डिस्क फॉरमॅट करून लिनक्स घालूया, नंतर डेटा टाकू. माझे हात गार पडले. डिस्कवरचा डेटा शाबूत आहे की नाही हेही अजून कुणी बघितलेलं नव्हतं, आणि हा माणूस तिच्यावरून नांगर फिरवायला निघाला होता. मी नको म्हटलं आणि फोन ठेवला. करार पुढं चालू ठेवला नाही.

इचलकरंजीत आमच्या ओळखीच्या एका सूतगिरणीवाल्यानं एक नंबर दिला. सांगलीचे गृहस्थ. आधी इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीत होते, वीस वर्षं फ्रीबीएसडीवरच काम. त्यांनी फोनवर तीन प्रश्न विचारले. "ताई, आवृत्ती कंची? बूट पूल मिरर हाय का? आणि मागच्या महिन्यात झेडपूल अपग्रेड दिलावतं का?" तिसऱ्या प्रश्नालाच मला कळलं की दार सापडलं.

झालं होतं असं. मशीन सुरू होताना आधी एक छोटा लोडर चालतो, तो डिस्कच्या वेगळ्या छोट्या भागात असतो, आणि सिस्टिमच्या अपग्रेडबरोबर त्या भागातला लोडर आपोआप बदलत नाही. पूलला मी नव्या सोयी दिल्या, पण वाचायला लोडर जुनाच राहिला. जुन्या लोडरला नवा पूल वाचता येईना. डेटाला काहीही झालं नव्हतं. त्यांनी मला चौदाव्या आवृत्तीचा पेनड्राइव्ह बनवायला लावला, त्यावरून मशीन चालू केलं, तो छोटा भाग उघडायला लावला आणि नवा लोडर तिथं कॉपी करवून घेतला. मग म्हणाले, "आता दुसऱ्या डिस्कवर बी हेच करा. मिरर हाय, पण हा भाग मिररमध्ये नसतोय. लोक हितंच इसरतात." पन्नास मिनिटांत सर्व्हर उठला. पेनड्राइव्ह आजही सर्व्हरच्या वर चिकटपट्टीनं लावून ठेवलेला आहे.

तुम्ही फ्रीबीएसडी वापरत असाल तर एवढं कराच: ती सूचना दिसली म्हणून घाईनं झेडपूल अपग्रेड देऊ नका, आणि द्यायचाच असेल तर आधी प्रत्येक डिस्कवरचा लोडर नवा करा. सूचनेत घाबरण्यासारखं काही नाही. नव्या सोयी न घेताही पूल वर्षानुवर्षं चालतो.

त्या दिवसापासून त्यांच्याशी करार आहे. वर्षाला १८,००० रुपये, त्यात १२ तासांचं काम. त्यापुढं तासाला १,५००. कामाच्या दिवशी चार तासांच्या आत उत्तर. बाहेरून मशीनवर यायचं ते वायरगार्ड नावाच्या सुरक्षित वाटेनं आणि मी दार उघडलं तरच. काम झालं की मी ते बंद करते. दर तीन महिन्यांनी ते एक फोल्डर निवडतात, आमच्या लांबच्या प्रतीतून परत आणतात, आणि फायली उघडतात का ते माझ्यासमोर बघतात. पहिल्याच तपासणीत एक फोल्डर सेंडच्या यादीतच नव्हता हे निघालं. एवढ्या एका गोष्टीनं वर्षाचे पैसे फिटले. शिवाय त्यांनी आमच्या सर्व्हरची एक वही केली आहे. कुठली डिस्क कधी बसवली, कुठला जेल कशासाठी, कुठली ओळ कुणी कधी बदलली, सगळं छापून. उद्या ते नसले तर दुसरा माणूस त्या वहीवरून काम करू शकेल.

त्यांच्या कामाचा सगळ्यात चांगला नमुना मात्र एका अक्षराचा आहे. आमचे एक गिऱ्हाईक कऱ्हाडचे. त्यांचा फोल्डर "कऱ्हाड" ह्याच नावाचा. मागच्या वर्षी एका पोराला त्यातलं ड्रॉइंग दिसेना, दुसऱ्याला दिसायचं. बघितलं तर सर्व्हरवर "कऱ्हाड" नावाचे तीन फोल्डर. डोळ्यांना तिन्ही सारखे. मला वाटलं डिस्कच बिघडली. सांगलीकरांनी एकेका नावातल्या अक्षरांचे कॉम्प्युटरमधले आकडे काढून दाखवले. एकात ऱ हे एकसंध अक्षर होतं. दुसऱ्यात साधा र आणि त्याखाली नुक्ता, अशी दोन अक्षरं. तिसऱ्यात जुन्या पद्धतीनं र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह. कॉम्प्युटरला ही तीन वेगळी नावं. ज्याचा जसा की-बोर्ड, तसं उमटलेलं.

हा दोष फ्रीबीएसडीचा म्हणता येणार नाही, लिनक्सवरही हेच होतं. पण झेडएफएसमध्ये ह्यावर उतारा आहे. नॉर्मलायझेशन नावाचा एक गुण, म्हणजे सेटिंग, चालू केला की पहिली दोन रूपं तिला एकच नाव म्हणून कळतात. अट अशी की तो गुण जागा तयार करतानाच द्यावा लागतो, नंतर बदलता येत नाही. त्यांनी एका सोमवारी नवी जागा तयार केली, सगळ्या फायली तिकडं हलवल्या, आणि वाटेत आदळणारी जुळी नावं वेगळी काढून माझ्यापुढं यादी ठेवली. सात जोड्या निघाल्या. "दुसऱ्या रिव्हिजन"चे फोल्डरही त्यात होते. तिसऱ्या रूपाला तो गुण लागू पडत नाही, म्हणून त्यासाठी त्यांनी एक छोटी स्क्रिप्ट लिहून दिली, ती रोज रात्री अशी नावं शोधून मला कळवते. मराठीत नावं देणाऱ्या कुणीही नवा सर्व्हर लावताना पहिल्याच दिवशी हा गुण चालू करावा. हँडबुकातनं मला हे उमगलं नसतं. हे मराठी वाचणाऱ्या, कऱ्हाड लिहिणाऱ्या माणसालाच सुचलं.

त्यांच्या सेवेत एक मोठी खोट होती. ते एकटे. मागच्या सप्टेंबरात ते आठ दिवस दवाखान्यात होते, आणि त्या आठ दिवसांत मला काही झालं असतं तर मी पुन्हा दाराशिवायच होते. काही झालं नाही. पण मी करार नवा करताना स्पष्ट सांगितलं की दुसरा माणूस हवा. त्यांना ते पटलं. पुण्यातल्या त्यांच्या एका जुन्या सहकाऱ्याचा नंबर आता करारात आहे, आणि वहीची एक प्रत त्यांच्याकडंही आहे. जो कुणी एकट्या माणसाशी करार करेल त्यानं हे पहिल्या दिवशीच मागून घ्यावं.

नवा माणूस पारखायचा कसा, ते मी ठेच लागून शिकले. "फ्रीबीएसडी येते का" असं विचारू नका, सगळे येते म्हणतात. बूट एन्व्हायर्नमेंट, म्हणजे काही बिघडलं तर परत जाता येईल अशी सिस्टिमची प्रत, कसं बनवता ते विचारा. जेल कशानं सांभाळता ते विचारा. मिररमधली डिस्क मेली तर नवी घालताना कुठली कुठली कामं हातानं करावी लागतात ते विचारा, आणि उत्तरात लोडरचा भाग येतो का ते बघा. ज्याला काम येतं तो उत्तर देताना उलट तुम्हालाच दोन प्रश्न विचारतो.

घरापुरतं बघाल तर पैसे खर्चायची गरज नाही, हे मी पुन्हा सांगते. उबुंटूचा प्रो सपोर्टही वैयक्तिक वापरासाठी पाच मशीनपर्यंत फुकट मिळतो, आणि ज्यांना कंपनीचं नाव पाठीशी हवं त्यांनी तो जरूर घ्यावा. माझ्या भाच्याला मीच तो लावून दिला. पण त्या फुकटातही मिळतात ती जास्त वर्षांची सुरक्षा अपडेट. अडलं तर फोनवर माणूस त्यात येत नाही. त्यामुळं घरच्यासाठी मला तिकडं जावंसं वाटलं नाही. मी त्याऐवजी वर्षाला २५ डॉलर फ्रीबीएसडी फाउंडेशनला पाठवते. एवढी वर्षं माझ्या माडीवर जे चालतंय त्याचा तेवढा मान राखायलाच हवा.

आण्णांना मी ह्या दिवाळीत विचारलं, आता कसं वाटतंय. ते म्हणाले, "आमच्या जुन्या लेथची कंपनी कवाच बंद पडली. फिटर हाय म्हणून लेथ हाय." मग सांगलीकरांचा नंबर त्यांनी माझ्याकडून मागून घेतला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागं, जिथं वायरमनचा आणि क्रेनवाल्याचा नंबर लिहिलेला आहे, तिथं पेन्सिलीनं लिहिला.

पंधरावी आवृत्ती डिसेंबर २०२५ मध्ये आली. चौदावीला नोव्हेंबर २०२८ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळणार आहेत, म्हणजे घाई काही नाही. घरच्या मशीनवर मी ती आधी घालून बघणार. शॉपमध्ये एक पॉइंट रिलीज, म्हणजे पंधरावीचीच पुढची छोटी आवृत्ती, जाऊ द्यायची आणि मग न्यायचं, असं सांगलीकरांशी ठरलंय. वार सोमवार, उद्यमनगर बंद असताना, सकाळी दहाला. दोन्ही डिस्कचे लोडर आधी.